ताईचं म्हणणं

“सभागृहाचे माजी सदस्य आज पहाटे निवर्तल्याचं कळतं. मौन पाळून आजची बैठक तहकूब करण्यात येत आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि मी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला.

मौन म्हणजे एरवी आमच्यासाठी सोपं काम. सगळे माइक बंद करायचे आणि गप बसायचं. पण त्या दिवशी ध्वनिकक्षाच्या काचेपलीकडे, साक्षीदारांच्या रांगेच्या टोकाला, चाकांच्या खुर्चीत माझी मोठी बहीण बसली होती. लिफ्ट बंद होती, म्हणून दोन शिपाई, मी आणि माझी बायको अशा चौघांनी तिला खुर्चीसकट जिना चढवून आणलं होतं. माझी कंबर ठणकत होती. आणि हे म्हणे तहकूब! असाध्य आजाराच्या माणसाला स्वतःच्या इच्छेनं मरण घेता यावं, असा कायदा करावा की नाही, हे ठरवायला बसलेली समिती, आणि कोणीतरी मेलं म्हणून ती घरी निघाली होती.

मी काचेच्या खोलीतून बाहेर पडून तिच्यापाशी गेलो.

“मेलं कोण?” ताईनं विचारलं. तिची जीभ तेव्हा जड झाली होती, पण बोलणं कोणालाही कळायचं.

“होते कोणी जुने सदस्य. झोपेत गेले म्हणे.”

“नशीबवान. समितीची परवानगी न घेता गेला.”

शेजारचा शिपाई फस्सकन हसला आणि मग आजूबाजूला बघून त्यानं तोंड पाडलं. मला हसू आलं नाही. जिना उतरायचा होता अजून.

मी या सभागृहाचा माइकवाला. पगारपत्रकावर ध्वनिकक्ष कर्मचारी असं भारदस्त लिहितात, पण हाक मारताना सगळे माइकवालाच म्हणतात. ताई मला बारक्या म्हणते. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, मला चष्मा लागला, तरी मी बारक्याच. नोकरीला लागल्यापासून इथं कोण काय बोललं ते माझ्या कानांतून गेल्याशिवाय कोणाच्या कानांत गेलेलं नाही. पाणीटंचाई, शाळांच्या फिया, भटकी कुत्री, सगळं ऐकलंय मी. ऐकायचं, आवाज कमीजास्त करायचा, घंटा झाली की माइक बंद करायचा. ज्यानं मला हे काम शिकवलं तो म्हातारा एकच गोष्ट घोकून घ्यायचा, की दुसऱ्याच्या माइकमध्ये आपण तोंड घालायचं नाही. माइक तपासायचा असेल तर टिचकी मारायची. आपल्याला काही सांगायचंच असेल तर ध्वनिकक्षाचा स्वतःचा हातातला माइक आहे, तो घ्यायचा. ज्याचा माइक त्याचं तोंड. ही शिस्त मी कधी मोडली नाही आणि त्याचा मला अभिमान होता. जळो तो अभिमान.

माझ्या कामात मत असून चालत नाही. या कायद्याबद्दल मात्र मला मत होतं. माझा विरोध होता, कडकडीत विरोध. आणि माझी बहीण कायद्याच्या बाजूनं साक्ष द्यायला निघाली होती, तेही माझ्याच सभागृहात, मीच लावलेल्या माइकवरून.

ताईनं आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. तिच्याकडे बायका जास्त यायच्या, कारण घरी नवऱ्याकडून शिकायला गेलं की गाडीआधी भांडण सुरू व्हायचं. ताई ओरडायची, पण ते ओरडणं कोणाला लागायचं नाही. “आरसा! आरसा बघ! तोंड बघायला नाही लावलाय तो!” हा आवाज पुढच्या चौकापर्यंत जायचा. तिनं मलाही शिकवायला घेतलं होतं, पण शेवटी हात टेकले. “बारक्या, तू बसनंच जा,” म्हणाली. लग्न केलं नाही तिनं. विचारलं तर म्हणायची, शेजारच्या सीटवर कोण बसणार ते मीच ठरवते.

मग तिच्या हातातून किल्ली पडायला लागली. मग पाय. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्यात, त्यावर औषध नाही. आधी हातपाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं.

समिती साक्षी घेणार असल्याची बातमी ताईनं पेपरात वाचली आणि माझ्या बायकोला बसवून अर्ज लिहून घेतला. मला कळलं ते अर्ज पोचल्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बायकोला काय बोलणार? ती म्हणाली, “त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तुम्हाला विचारून लिहायला मी काय तुमच्या कचेरीत आहे?”

बैठक तहकूब झाली त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची जुंपली. बायको ताईला चमच्यानं भरवत होती. ताईला एकेक घास गिळायला वेळ लागायचा आणि मी प्रत्येक घासाच्या मध्ये बोलून घेत होतो.

“तुला एवढी घाई कशाची आहे ताई?”

“घाई नाही रे. ऐक.” तिनं घास गिळला. “शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. आठवतो ना? शिकणाऱ्याला माहीत असायचं, की तो आहे. म्हणून तर त्या पोरी भर रहदारीत गाडी घालायच्या. मी दाबला किती वेळा? क्वचित. पण तो नसता ना, तर एकजणही गल्लीच्या बाहेर गेली नसती. मला तेवढंच हवंय. असावा. मी दाबेनच असं कुठं म्हणतेय?”

“तो ब्रेक तुझ्या पायाशी असायचा. शिकणाऱ्याच्या नाही!” मी म्हणालो. “उद्या तो डॉक्टरच्या पायाशी जाणार. घरच्यांच्या पायाशी जाणार. ज्याला म्हातारीची खोली हवी असेल त्याच्या पायाशी जाणार. मग?”

“तुला हवीय का माझी खोली?”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“मग झालं तर.”

“सगळ्यांचे भाऊ माझ्यासारखे नसतात.”

“तेच तर म्हणतेय मी, शहाण्या! भावाच्या भरवशावर सोडू नका. नियम करा.”

“पुरे आता दोघांचं,” बायको म्हणाली. “घास निवतोय.”

ताईनं घास घेतला आणि बराच वेळ घोळवून गिळला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आईचं शेवटचं वर्ष तुला कसं आठवतं बारक्या? तू कामावरून यायचास, तिच्या कपाळावर हात ठेवायचास. तोवर तिला औषध देऊन झोपवलेलं असायचं. तिचं सकाळचं ओरडणं मी ऐकलंय. तू नाही ऐकलंस.”

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आणि त्या वर्षी मी धूरसुद्धा पाहिला नव्हता. पण म्हणून माझी भीती खोटी होती का? ताई गेली तर मला बारक्या म्हणणारं या जगात कोणी उरणार नव्हतं. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर ती म्हणाली असती, तुझ्यासाठी मी घुसमटत पडून राहू का?

नंतर सुरू झाला नुसता खो-खो. तहकूब बैठकीत राहिलेले साक्षीदार यादीच्या तळाला जातात, असा नियम निघाला. पुढची तारीख मिळाली. पुन्हा जिना, पुन्हा चौघं, पुन्हा माझी कंबर. त्या दिवशी गणपूर्ती होईना. निम्मे सदस्य कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाला गेले होते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! ताई खुर्चीत बसून दाराकडे बघत राहिली आणि शेवटी मला काहीतरी म्हणाली. शेजारचा शिपाई माझ्याकडे बघून म्हणाला, “काय म्हणाल्या?”

तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. मागच्या वेळी हाच माणूस तिच्या बोलण्यावर हसला होता.

“पूल पडला तर लवकर येतील, असं म्हणाली,” मी सांगितलं. तो हसला, पण उशिरा.

मी सचिवांकडे गेलो. सचिव वाईट माणूस नाही. डबा उघडला की पहिला घास समोरच्याला विचारतो. मी म्हणालो, “साहेब, तिचा आवाज चाललाय. तिला आधी घ्या.”

“एकाला आधी घेतलं की सगळे मागतात हो. यादीतले सगळेच आजारी आहेत. असं करा ना, लेखी द्या. संचिकेत लावून टाकतो.”

घरी येऊन ताईला सांगितलं, तर ती एवढी भडकली की तिचा श्वास अडकला. सावरल्यावर म्हणाली, “लेखी मेलेल्याचंही देता येतं. मला बोलायचंय. तोंड आहे तोवर.”

बायकोनं दवाखान्यातून अक्षरांचा तक्ता आणला होता. अक्षरावर बोट फिरवत न्यायचं, हवं ते आलं की रुग्णानं डोळे मिटायचे. ताईनं तो पाहिला आणि म्हणाली, “मी काय बालवाडीत आहे?” तक्ता कपाटावर गेला.

मधल्या बैठकांमध्ये बाकीच्यांच्या साक्षी होत राहिल्या, आणि मी काचेमागे बसून त्या ऐकत राहिलो. प्रत्येकाच्या तोंडी सन्मान. बाजूचे म्हणायचे सन्मानानं मरू द्या, विरोधातले म्हणायचे सन्मानानं जगू द्या. एक डॉक्टर म्हणाले, आज आम्ही नळ्या काढतो तेव्हा काय करतो? फक्त नाव घेत नाही. दुसरे डॉक्टर म्हणाले, माझ्या हातून हे होणार नाही, कायदा असो वा नसो. एका सदस्यानं मध्येच विचारलं की चहा कधी येणार, आणि त्याचा माइक चालू होता. मी बंद केला नाही. करायला हवा होता, पण म्हटलं ऐकू दे सगळ्यांना.

एक तरुण वकील आली, ताईसारखीच चाकांच्या खुर्चीतून. ती म्हणाली, “मला बघून लोक आज विचारतात, कशी जगतेस गं? हा कायदा झाला की विचारतील, का जगतेस?” मी धावत घरी गेलो आणि बूट न काढता ताईला ते ऐकवलं. म्हटलं, आता बोल!

ताईनं डोळे मिटून ऐकलं. मग हळूहळू म्हणाली, “खरं बोलली पोरगी. तिचंही लिहून घ्यायला हवं.” आणि थोड्या वेळानं, “माझंही.”

तोवर तिचं बोलणं फक्त आम्हा दोघांना कळत होतं. मग बायकोलाही दोनदोनदा विचारावं लागायला लागलं. मला मात्र कळायचं. माझे कान त्यासाठीच तयार झाले होते. फाटक्या तारेवरून, सर्दीतून, दारूतून आलेली भाषणं मी आयुष्यभर निवडत बसलो होतो. ताईच्या बोलण्यातली व्यंजनं गेली होती, नुसता सूर आणि लांबी उरली होती. मी तेवढ्यावरून वाक्य उचलायचो.

शेवटी एकदाची तिची पाळी आली. लिफ्टही त्या दिवशी चालू होती. मी तिच्या गळ्याशी छोटा कॉलरचा माइक लावला, टिचकी मारून तपासला आणि काचेमागे जाऊन बसलो. आवाजाचं बटण शेवटपर्यंत वर नेलं.

“बोला,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

ताई बोलायला लागली. माझ्या हेडफोनमध्ये शब्दन्‌शब्द येत होता. सभागृहात मात्र एक लांबलचक, ओला, घशातला आवाज भरून राहिला होता. सदस्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे, मग कागदांकडे. कोणाला कुठं बघावं ते सुचेना. माणसं लाजली की चष्मा पुसतात. दोघंतिघं चष्मा पुसत होते.

“बाई,” अध्यक्षबाई मायेनंच म्हणाल्या, “त्रास करून घेऊ नका. आपण लेखी दिलंत तर...”

“लेखी नको,” ताई म्हणत होती. “लेखी नको. थांबा.” ते फक्त मला ऐकू आलं.

मी काय करतोय ते कळायच्या आत मी ध्वनिकक्षाचा हातातला माइक उचलला आणि दार ढकलून बाहेर आलो. “अध्यक्षमहोदया, मला कळतंय ती काय म्हणतेय.”

सचिवांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू भिंत बोलायला लागली.

“आपण कोण?”

“इथला माइकवाला. आणि तिचा भाऊ.”

बाईंनी थोडा विचार केला. “ठीक आहे. त्या बोलतील तसंच सांगा. पदरचं काही घालू नका.”

मी ताईच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलो. तिच्या गळ्याचा माइक मी तसाच ठेवला. तिचाही आवाज जाऊ दे, माझ्या आवाजाखाली का होईना, सगळ्यांना कळू दे की बोलतेय ती. ती एक वाक्य बोलायची, मी ते माझ्या माइकमध्ये म्हणायचो. “मी गाडी शिकवायचे,” मी म्हणालो, आणि माझ्या मिशांकडे बघून कोणीतरी खुदकन हसलं. हसू देत. मग शिकवायच्या गाडीतला ब्रेक आला. आईचं शेवटचं वर्ष आलं. तेही मी म्हटलं, “तिचं ओरडणं मी ऐकलंय” हेसुद्धा, जे मी ऐकलंच नव्हतं.

मग ताई एक वाक्य बोलली आणि मी थांबलो.

“काय म्हणाल्या?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

ताई माझ्याकडे बघत होती. मान हलवता येत नव्हती तिला नीट, पण नजर काढत नव्हती.

“माझा भाऊ याच्या विरोधात आहे,” मी म्हणालो.

ताई पुढं बोलली, मी पुढं म्हणालो. “तो म्हणतो, ब्रेक दुसऱ्याच्या पायाशी जाईल. त्याचं बरोबर आहे. त्याचंही लिहून घ्या. नियम इतके कडक करा, की त्याची भीती खरी व्हायला नको.”

तिनं श्वास घेतला. कॉलरच्या माइकमधून तो श्वास सगळ्या सभागृहानं ऐकला. मग तिचं पुढचं वाक्य आलं. मला ते पहिल्याच खेपेला कळलं होतं. मी तिला परत म्हणायला लावलं असतं तर कोणाला काही समजलं नसतं. मऊ करून सांगितलं असतं तरी समजलं नसतं. खाली बसून मला खरंच वाटलं की एखादा शब्द गाळावा. कोण विचारणार होतं? तिच्याशिवाय कोणालाच कळलं नसतं.

“पण त्याच्या भीतीपायी मला घुसमटून मारू नका,” मी म्हणालो. माझा आवाज फाटला. आवाज फाटलेला मला चालत नाही, मी लगेच बटण फिरवतो. तिथं बटणापाशी कोणी नव्हतं.

एका सदस्यानं विचारलं, “बाई, तुमच्यावर कोणाचं दडपण तर नाही ना?”

ताई बोलली. मी म्हणालो, “आहे. तारखांचं.”

सगळे हसले, अध्यक्षबाईसुद्धा. घंटा झाली. त्या म्हणाल्या, “आभारी आहोत. तुमचं म्हणणं पोचलं.”

खाली आल्यावर बायकोनं ताईचं तोंड पुसलं. ताई म्हणाली, “चोख बोललास बारक्या. आता माझी साक्ष नोंदीला लागली.” मी उगाच रस्त्याकडे बघत राहिलो. माझं मत बदललं होतं का? नव्हतं. अजूनही पुरतं बदललेलं नाही. पण त्या दिवशी मला माझ्या कामाचा जेवढा आनंद झाला तेवढा कधी झाला नव्हता.

कामकाजाचं छापील पुस्तक आलं तोवर ताईचं गिळणं बंद होऊन नळी लागली होती. मी पुस्तक उघडून ताईची पानं शोधली. तिच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘साक्षीदार उपस्थित. निवेदन अस्पष्ट असल्याने नोंद घेता आली नाही.’

आणि त्याखाली, वेगळ्या मथळ्यानं, ध्वनिकक्ष कर्मचारी. ‘यांनी विधेयकास पाठिंबा दिला. आपण वाहन चालवण्याचे प्रशिक्षण देत असल्याचे सांगितले. आपल्या आईच्या आजारपणाचा दाखला दिला. आपला भाऊ विधेयकाच्या विरोधात असल्याचे नमूद केले.’

मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही म्हणून बहिणीनं हात टेकले, तो गाडी शिकवतो! ज्याचा विरोध आहे त्याचा पाठिंबा! आणि ज्या बाईनं जिभेचा शेवटचा तुकडा खर्च करून साक्ष दिली, ती नुसती उपस्थित!

घोडं कुठं पेंड खात होतं ते मला लगेच कळलं, कारण ही व्यवस्था मीच बसवलेली आहे. प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठतो. तो बाहेर कुठंतरी टायपिंगला जातो. टाइप करणाऱ्या मुली सभागृहात कधी आलेल्या नसतात. त्या माइकवरचं नाव बघतात आणि ऐकू येईल ते त्या नावाखाली घालतात. मी ताईच्या गळ्याशी वाकून तिच्या माइकमध्ये बोललो असतो, तर शब्दन्‌शब्द तिच्या नावावर चढला असता. पण मी आपला शिस्तीचा माणूस! आयुष्यात कधी दुसऱ्याच्या माइकमध्ये तोंड घातलं नाही, ते त्या दिवशी तरी कसं घालणार? गाढवासारखा स्वतःचा माइक घेऊन गेलो.

पुस्तक घेऊन मी सचिवांकडे गेलो. त्यांनी सगळं वाचलं, चुकचुकले. “चूक आहे खरी. दुरुस्ती होते ना. साक्षीदारानं समितीपुढं येऊन तोंडी सांगायचं, की हे निवेदन माझं.”

“तिला बोलता येत असतं तर ही वेळ आली असती का साहेब?”

“मग लेखी द्या.”

“लेखी चालेल?”

त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. “लेखी निवेदनाची दुरुस्ती लेखी. तोंडीची तोंडी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तसंही समितीची मुदत संपली. अहवाल गेलाय. अधिक अभ्यास हवा, असं लिहिलंय.”

“किती अभ्यास?”

“ते नवीन समिती ठरवेल.”

मी ओरडलो. या इमारतीत मी कधी आवाज चढवला नव्हता, दुसऱ्यांचेच चढवत आलो होतो. काय ओरडलो ते धड आठवत नाही. सचिवांनी मला पाणी दिलं. ते प्यालोसुद्धा. बाहेर येताना पायऱ्यांवर अध्यक्षबाई भेटल्या. मी त्यांना तिथंच गाठलं. त्या थांबल्या, म्हणाल्या, “आठवतात ना मला तुमच्या ताई. ब्रेकचं बोलल्या होत्या. कशा आहेत?”

“तुम्हाला आठवतं तर तसं लिहून द्या बाई. तुम्ही ऐकलंय.”

त्यांचा चेहरा उतरला. “माझी आठवण नोंदीत नाही हो घेता येत,” त्या म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या. गाडी येऊन थांबली आणि त्या गेल्या.

घरी जाताना ठरवलं होतं, ताईला सांगायचं नाही. सांगून काय मिळणार? पण दारातून आत आलो तेव्हा ती माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती, आणि तिच्याशी मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसलो आणि दोन्ही नोंदी मोठ्यानं वाचून दाखवल्या. चूक कशी झाली तेही सांगितलं. म्हटलं, “माझ्यामुळं झालं ताई. तुझ्या माइकमध्ये बोलायला हवं होतं.”

मला वाटलं ती रडेल. तिचे डोळे बारीक झाले, छाती हलायला लागली. मी घाबरून बायकोला हाक मारली. बायको आली, बघितलं आणि म्हणाली, “अहो, हसताहेत त्या.”

खरंच हसत होती. मी आणि गाडी शिकवतो! तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बायकोनं पुसलं. मग मीही हसलो आणि हसता हसता माझं मलाच आवरेना.

शांत झाल्यावर ताई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. लांब वाक्य होतं. शेवटी सूर वर गेला, म्हणजे प्रश्न असावा.

“काय म्हणालीस?”

ती परत म्हणाली. मी तिच्या तोंडाशी कान नेला. तिसऱ्यांदा म्हणाली. बायकोकडे बघितलं, तिनं मान हलवली. सूर तोच होता, लांबी तीच होती, आणि मला एकही शब्द उचलता येत नव्हता.

“हो,” मी म्हणालो. “हो ताई.”

तिनं नजर माझ्यावर रोखली. मला लाज वाटली. कशाला हो म्हणत होतो मी? काय विचारलं होतं तिनं? उठून मी कपाटावरचा अक्षरांचा तक्ता काढायला हात वर केला. तिच्या घशातून आवाज आला, नको असा. तेवढं मला कळलं.

मी परत खाली बसलो. “नाही समजलं गं ताई,” म्हणालो. “परत सांग.”

तिनं श्वास गोळा केला आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.